सात नंबरचा ठोकळा

पोकीप्सीला, जुन्या सामानाच्या दुकानात,
किल्ली हरवलेल्या कुलपांच्या टोपलीत सापडला.
चार डॉलर.
दुकानदाराच्या मते हा कसलातरी शिक्का.
काडेपेटीहून थोडा मोठा, वजन मात्र दगडाचं.
बाजूला बोल्टचं भोक, पाठीवर ७,
आणि पेन्सिलीनं फिकट: डॉर्कस व्ही.
पुढच्या अंगाला पाणी, पाणी, पाणी,
त्यातून वर आलेला एक हात.

लाकूड एवढंच सांगतं.
पुढचं मी रचते आहे.

न्यूयॉर्क. छापखान्याचा तिसरा मजला. फेब्रुवारी.
तार आली आहे: हडसनवर बोट जळाली,
माणसं किती, ते मागाहून.
चित्रकारानं बोट पाहिलेली नाही,
तरी नऊच्या आत ती लाकडावर उलटी पेटवून दिली आहे.
ओबेड टिल्सन, मुख्य कारागीर,
सांध्यांवरच्या रेघा आधी स्वतः कोरून घेतो,
म्हणजे सकाळी याची लाट त्याच्या लाटेला ओळखेल.
मग बोल्ट सैल करतो.
सोळा तुकडे. सोळा वाकलेल्या माना.
कुणाला धूर, कुणाला शिडाची दोरी,
एकाला नुसतं आभाळ (तो खूश).

फळीच्या आडोशाला डॉर्कस व्हीलॉक,
बायकांच्या मोफत शाळेत शिकलेली.
तिला सात नंबर.
दिव्यापुढे पाण्यानं भरलेला काचेचा गोळा,
त्यातून उजेडाचा एक रुपया ठोकळ्यावर पडतो.
तोंडावर पुठ्ठ्याची ढाल,
नाहीतर श्वासाच्या दमटपणानं चित्र पुसट होतं.
खाली वाळूची चामडी उशी.
वळणावर कोरणी वळवायची नसते,
ठोकळा फिरवायचा.
हात जागच्या जागी, नदी त्याच्याखाली फिरते.

आपल्या भाषेत हे आधीच सांगून ठेवलंय:
कोरलं, की कोरं.
जिथे कोरणी गेली तिथे शाई जात नाही.
लाट म्हणजे तिनं जे सोडून दिलं ते.

दोनच्या सुमारास ती हातापाशी येते.
चित्रकारानं घाईत पाच काड्या ओढल्यात.
बुडणाऱ्याचा हात असा नसतो.
कसा असतो, तिलाही ठाऊक नाही.
तिला एकच हात नीट आठवतो:
व्हर्माँटमधला, पिंपं बांधणाऱ्या बापाचा, डावा,
करंगळी मोडून वाकडीच जुळलेली.
ती करंगळी ती कोरते.
नखासकट.

पहाटे टिल्सन बोल्ट आवळतो.
वाकड्या बोटाकडे बघतो,
काही बोलत नाही,
तिच्या पुढ्यात कोऱ्या कॉफीचा मग ठेवतो.

शनिवारी दहा सेंटला तिनं अंक घेतला असेल,
फुटपाथवरच उघडला असेल.
बोट जळते आहे, सांधा कुठे दिसत नाही,
आणि बापाची करंगळी
उजव्या हाताला.
नऊ वर्षं जग उलटं वाचणारी बाई
एका बोटापुरती सुलटं बघून बसली होती.

पुढे जाळीच्या ठिपक्यांचे फोटो आले.
फोटोला रात्र लागत नाही, मान लागत नाही.
ठोकळे रंधून परत विकले गेले,
उरलेले शेगडीत. बॉक्सवुड सावकाश जळतं म्हणतात,
मला माहीत नाही, मी जाळून पाहिलेलं नाही.

काल रात्री मी सातला शाई लावली,
पातळ कागद ठेवून चमच्याच्या पाठीनं घासला.
उजवा हात आला.
कागद उलटा करून दिव्यासमोर धरला:
डावा.

पाण्यात एक रेघ जास्तीची आहे.
दीडशे वर्षांत लाकूड तडकलं,
खालच्या कडेपासून, तिरकं, मनगटाच्या जरा अलीकडेपर्यंत.
ती कुणी कोरलेली नाही,
तरी पांढरीच छापते.